ओकायामाची बाग: गवत जाळण्यापासून पुढचं वर्ष

नदीकाठ | १४ फेब्रुवारी

नोकरीसाठी ओकायामाला येऊन मला या महिन्यात सहा वर्षं झाली. आमचं पुण्यातलं घर सिंहगड रस्त्यावर. पु. ल. देशपांडे उद्यानाला आम्ही घरात सगळे 'ओकायामा गार्डन'च म्हणायचो. कॉलेजात असताना परीक्षेच्या दिवसांत सकाळी तिथे जाऊन बसायचे. त्यामुळे नोकरीच्या पत्रात 'ओकायामा' हे नाव वाचलं तेव्हा मला आधी बाग आठवली, मग शहर.

पुण्याची ती बाग इथल्या एका बागेच्या धर्तीवर केलेली आहे. इथे आल्यावर पहिल्याच शनिवारी ती मूळ बाग बघायला गेले. तिचं नाव कोराकुएन. तिकीट काढून आत शिरले तर समोर सगळं काळं. हिरवळीचे जे फोटो बघून आले होते त्या जागी कोळशासारखं जळलेलं मैदान, मधेमधे राखेचे पांढुरके पट्टे, त्यातून वाहणारा स्वच्छ पाण्याचा पाट, आणि पलीकडे पाईनची गर्द हिरवी झाडं. मला वाटलं आग लागून गेली. घशाशी आवंढा आला, खरंच सांगते.

पाटाकाठी एक म्हातारे माळीकाका काम करत होते. मला जपानी जेमतेम दहा वाक्यं येत होती. मी मैदानाकडे बोट दाखवलं आणि नुसतीच उभी राहिले. त्यांना कळलं. ते उकिडवे बसले, अंगठ्याने जळके बुडखे बाजूला सारले आणि आतला तांदळाएवढा फिकट कोंब दाखवला. मग म्हणाले, "मे." आणि हात पसरून सगळं मैदान दाखवलं.

तेव्हापासून मी दर महिन्याला किमान एकदा जाते. हा धागा त्यासाठीच काढतेय. जपानची बाग म्हटलं की लोक चेरीचा आठवडा गाठतात, दीड तास फिरतात, निघून जातात. या बागेला तेवढ्यात बघणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. वर्षभर जमेल तसं लिहीन.

थोडी पार्श्वभूमी आधी. ओकायामाच्या जहागिरीचा दाइम्यो, म्हणजे सरदार, इकेदा त्सुनामासा याने ही बाग करवून घेतली. १६८७ मध्ये काम सुरू झालं, १७०० मध्ये पुरं झालं. काम उभं केलं त्याचा कारभारी त्सुदा नागातादा याने. जागा आसाही नदीच्या पात्रातल्या बेटासारख्या भागावर, किल्ल्याच्या बरोबर मागे. म्हणून सुरुवातीचं नाव होतं 'गोकोएन', मागची बाग. 'कोराकुएन' हे नाव १८७१ मध्ये पडलं. त्यामागे एक जुनं चिनी वचन आहे: राज्यकर्त्याने चिंता सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं. 'कोराकु' म्हणजे ते नंतरचं सुख. १८८४ मध्ये बाग सरकारकडे आली आणि सगळ्यांना खुली झाली. कानाझावाची केनरोकुएन, मितोची कैराकुएन आणि ही, अशा तीन बागा जपानात मोठ्या मानल्या जातात.

क्षेत्र १३ हेक्टरच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबात ३३ एकर. त्यातली हिरवळच साडेचार एकर.

परवा यंदाचं गवत जाळलं. त्याला 'शिबायाकी' म्हणतात. थंडीत इथलं गवत पूर्ण वाळून पेंढ्यासारखं होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोरडा दिवस बघून ते पेटवतात. किडींची अंडी मरतात, तण मरतं, राख खताला होते. कपड्यांना अजून धुराचा वास येतोय.

---

चिऊताई | १४ फेब्रुवारी

काय सुंदर सुरुवात! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तो तांदळाएवढा कोंब डोळ्यासमोर आला.

---

मावळी | १५ फेब्रुवारी

ताई, हे तर आमचं राब भाजणं झालं! आमच्याकडे भाताच्या रोपांची जागा उन्हाळ्यात भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत यांचा थर, वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं म्हणजे आग धावत नाही, हळूहळू सरकते आणि माती नीट भाजते. त्या जागी तण येत नाही आणि रोप जोमदार उठतं. आजोबा राब पेटवताना आम्हा पोरांना आधी वारा ओळखायला लावायचे. धूळ चिमटीत धरून सोडायची.

एक विचारायचं होतं. मुळं जळत नाहीत का? आमच्या राबाच्या जागेत आधीचं काही उरलेलं चालत नाही, तुमच्याकडे तर तेच गवत परत पाहिजे.

---

नदीकाठ | १५ फेब्रुवारी

@मावळी, राब! इतक्या वर्षांत मला हे सुचलंच नाही, आणि आईचं माहेर वेल्ह्याकडचं आहे. आज तिला फोन करून सांगते.

मुळं राहतात, कारण इथे आग सरकू न देता पळवतात. तुमच्या बरोबर उलट. वाळलेलं गवत भुरकन पेटतं आणि पुढे जातं, खालची माती तापायला वेळच मिळत नाही. माळी एका रांगेत चालत लहान ज्योतीने पेटवत जातात, मागे पाण्याची सोय तयार असते. पाटाच्या काठाशी पोचलं की आग आपोआप विझते. पाट बागेतून वळणं घेत ६४० मीटर वाहतो, त्यामुळे मैदानाचे तुकडे आपसूक पडलेले आहेत.

---

क्योतोवासी | १७ फेब्रुवारी

लेख आवडला. पण एक मतभेद नोंदवतो. मी अकरा वर्षं क्योतोत आहे. मला कोराकुएन फार उघडी वाटली. क्योतोतल्या बागांमध्ये शेवाळ, सावली, अर्धवट दिसणारी वाट असते. पुढच्या वळणावर काय आहे हे कळत नाही, तीच गंमत. ओकायामात शिरल्या शिरल्या सगळं समोर पसरलेलं. मैदानासारखी. दोन तासांत बाहेर पडलो.

---

नदीकाठ | १८ फेब्रुवारी

@क्योतोवासी, तुमचं म्हणणं समजतं. क्योतोच्या मठांतल्या बागा मलाही खूप आवडतात. पण त्या बसून बघायच्या बागा आहेत, ही चालायची. सरदार पाहुण्यांना घेऊन हिंडायचा, मधल्या चहाघरांत बसायचा, उठून पुढे जायचा. सगळं समोर दिसतं खरं, पण वीस पावलं चालल्यावर तेच तळं वेगळं दिसतं, आणि त्यामागे किल्ला येतो. किल्ला बागेत नाही, नदीपलीकडे आहे. मिसाओ डोंगरही बागेत नाही. दोन्ही बाहेरून उसने घेतलेत. जपानीत त्याला 'शाक्केई' म्हणतात, शब्दशः उसनं दृश्य. ते उसनं घ्यायचं तर मैदान उघडंच लागतं.

आणि अजून एक. त्सुनामासाच्या काळात हिरवळ आजच्यापेक्षा कमी आणि शेतं जास्त होती. आजही बागेत भातखाचर आहे, चहाचा मळा आहे. मला या बागेचा जीव तिथे वाटतो. ठरलेल्या दिवशी प्रजेलाही आत यायची परवानगी असायची.

---

अश्विनी_क | २ मार्च

सासू-सासऱ्यांना घेऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसाका-हिरोशिमा करतोय. मधे ओकायामा अर्धा दिवस जमेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात.

---

नदीकाठ | २ मार्च

नक्की जमेल. शिनकानसेन ओकायामाला थांबते. स्टेशनसमोरून ट्राम घ्या, शिरोशिताला उतरा. तिथून दहाएक मिनिटं चालायचं. वाटा सपाट आहेत, बारीक खडीच्या. एकच टेकडी आहे, युइशिन्झान, ती सहा मीटरच उंच. ती मूळ बागेत नव्हती, त्सुनामासाच्या मुलाने नंतर करवली. सासूबाईंना खालीच बसवा, तिच्यावरून दिसतं त्यातलं बरंचसं खालूनही दिसतं.

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा चेरीचा. बागेपेक्षा नदीकाठाला फुलं जास्त आहेत, तिथे तिकीटही लागत नाही. गर्दी असते. सकाळी लवकर गेलात तर बरं, २० मार्चपासून साडेसातला दार उघडतं.

एका ठिकाणी मात्र त्यांना नक्की न्या. त्याचं नाव र्‍यूतेन. साधं लाकडी विसाव्याचं घर, भिंती नाहीत. पाटाचं पाणी घराच्या मधून वाहतं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची बसायची जागा आणि मधे वाहत्या पाण्यात सहा रंगीत दगड. बस्स, एवढंच. २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किल्ल्याचा मनोरा जळला, सरदाराचं निवासस्थान एन्योतेई जळलं. र्‍यूतेन वाचलं. त्या फळ्यांवर बसलं की लाकूड हाताला किती गुळगुळीत लागतं ते बघा.

---

अश्विनी_क | ९ एप्रिल

जाऊन आलो! चेरी पूर्ण फुललेली होती. पण सासूबाई पाऊण तास र्‍यूतेनमध्ये बसून राहिल्या. म्हणाल्या, आमच्या आजोळच्या पडवीत पाटाचं पाणी असंच ऐकू यायचं. गवत अजून अर्धं काळं, अर्धं पोपटी होतं. तुमच्यामुळे कळलं ते काय आहे, नाहीतर आम्हीही हळहळलो असतो. मनापासून आभार.

---

बागवान | ११ एप्रिल

व्यवसायाने बागकाम करतो, नाशिकला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ते पाईन इतके आटोपशीर कसे ठेवतात? कात्रीने छाटलेले वाटत नाहीत. दोन, फोटोत तळ्याजवळ एक प्रचंड शिळा दिसते. बेटावर, नदी ओलांडून तेवढी शिळा त्या काळी आणली कशी?

---

नदीकाठ | १३ एप्रिल

@बागवान, शिळेचं उत्तर मला स्वतःला इतकं आवडतं की ते आधी. ती अखंड नाही! मूळ शिळा जिथे होती तिथेच ९० हून जास्त तुकड्यांत फोडली, तुकडे आणले, आणि इथे जसेच्या तसे जुळवून परत उभे केले. उंची साडेसात मीटरच्या आसपास. जवळ गेलात तर सांधे दिसतात. पावसानंतर दगड वाळत असताना सांधे शेवटी वाळतात, तेव्हा सगळ्या शिळेवर काळ्या रेघांची जाळी उमटते. त्या दिवशी मी तिच्यापुढे बराच वेळ उभी होते.

पाईनचं काम हाताचं असतं. वसंतात फांद्यांच्या टोकाला मेणबत्तीसारखे नवे कोंब उभे राहतात, ते बोटांनी खुडतात. किती खुडायचा हे प्रत्येक कोंबाचं वेगळं. वर जोमदार फांदी असेल तर जास्त, खाली अशक्त असेल तर कमी किंवा नाहीच. मग थंडीच्या तोंडावर जुन्या सुया उपटून काढतात, म्हणजे आतवर ऊन आणि वारा पोचतो. तीन पायांची शिडी असते, तिसरा पाय फांद्यांच्या मधून आत सरकवता येतो. एका झाडावर माणूस दिवसभर असतो. खाली चादर पसरलेली, त्यावर सुया पडत असतात.

---

बागवान | १३ एप्रिल

तिसऱ्या पायाची युक्ती उत्तम. आमच्या चारपायी शिडीने फांद्या मोडतात, नेहमीची डोकेदुखी. उद्या सुताराला सांगतो.

---

नदीकाठ | २५ मे

धागा वर काढतेय. गवत पूर्ण हिरवं झालं. माळीकाका बरोबर होते, दरवर्षी बरोबर असतात. युइशिन्झानच्या उतारावर बुटकी अझेलिया फुललीय. चहाच्या मळ्यात पानं खुडायचा सोहळाही या महिन्यात झाला.

आई पुढच्या आठवड्यात येतेय, पहिल्यांदा. जूनचा दुसरा रविवार सापडेल असं तिकीट मुद्दाम काढलंय. का, ते नंतर सांगते.

---

नदीकाठ | १६ जून

आता सांगते.

बागेत 'सेइदेन' नावाचं भातखाचर आहे. चौकोनाचे नऊ सारखे भाग. प्राचीन चीनमध्ये झोउ राज्यात जमीन अशी वाटायचे म्हणतात: कडेचे आठ भाग आठ कुटुंबांचे, मधला सगळ्यांनी मिळून कसायचा आणि त्याचं पीक राजाचं. सरदाराने तो नमुना बागेत आणला. दर जूनच्या दुसऱ्या रविवारी तिथे भात लावतात. बायका निळ्या ठिपक्यांच्या जाड सुती कपड्यांत, डोक्यावर गवती टोपी, ढोलाच्या ठेक्यावर गाणं म्हणत.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. आम्ही बांधावर उभ्या होतो. ढोल वाजला, बायका चिखलात उतरल्या, आणि आई एकदम म्हणाली, "अगं, आवणी!"

तिच्या लहानपणी माहेरी पावसाळ्यात आवणीला सगळं घर शेतात असायचं. डोक्यावर इरलं, कमरेत वाकलेलं दिवसभर. तिने ते सोडून पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी मात्र ती बारकाईने बघत होती. "मूठ फार मोठी धरलीय." "ती कडेची बघ, ती रोज करणारी आहे, अंगठा बघ तिचा." "दोरी धरून लावतायत, ओळ चांगली येते, आम्ही डोळ्यानं लावायचो." मग गाणं सुरू झालं तशी ती गप्प झाली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ओठ हलतायत. तिचं गाणं वेगळं होतं, पण ठेका जुळत होता.

लावणी संपल्यावर त्या कडेच्या बाई बांधावर पाय धुवायला आल्या. आईने त्यांच्याकडे बघून हाताने रोप लावल्याची खूण केली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बाई हसल्या. चिखलाच्याच हाताने त्यांनी आईचा हात धरला, उलटा केला आणि तळवा बघितला. काय बघितलं देव जाणे. पण दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

नंतर र्‍यूतेनला बसलो. आईने पाण्यातले दगड मोजले, सहा. मग विचारलं, "पाणी कुठनं येतं?" पूर्वी नदीच्या वरच्या अंगाकडून चार किलोमीटरवरून पाट काढून आणलेलं होतं, आता नदीच्या पोटातलं पाणी पंपाने उचलतात. तिला ते चाललं. "पाटाला उतार बेताचा दिलाय," म्हणाली. "पळत नाही आणि साचत नाही."

शेजारच्या आठ पुलांच्या पट्ट्यात आयरिस फुलले होते, जांभळे, पांढरे. त्यांचा फोटो काढायचा राहून गेला.

---

मावळी | १६ जून

ताई, वाचून डोळे भरून आले. आमच्याकडेही या वर्षी रोपं टाकून झालीत, मृगाची वाट बघतोय. आईंना माझा नमस्कार सांगा. मूठ मोठी धरली की रोप गुदमरतं, बरोबर आहे त्यांचं.

---

सागरवेल | १७ जून

आमच्या कोकणात आवणी नाही म्हणत, लावणी. आणि रोपांना तरवा. बाकी चिखल तोच. मला विचारायचंय, ते भात पुढे काय करतात? कापणी होते का?

---

नदीकाठ | १७ जून

@सागरवेल, हो, खरंखुरं पीक येतं. सप्टेंबरात लोंब्या धरलेल्या बघितल्यात मी. वाकलेलं पिवळं शेत आणि मागे काळा किल्ला. ओकायामाच्या किल्ल्याला काळ्या रंगामुळे 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात. आजचा मनोरा १९६६ मध्ये परत बांधलेला आहे.

---

सकाळचा_फेरा | ८ जुलै

हा धागा वाचल्यापासून मी आमच्या पुण्याच्या बागेकडे नव्याने बघायला लागलो. पंधरा वर्षं रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरतो. दहा एकर, म्हणजे तुमच्या मूळ बागेच्या एक तृतीयांशही नाही. काल तुमचं लिखाण मनात ठेवून मुद्दाम हळू चाललो. पाट आहे, तळं आहे, पूल आहेत, टेकडी आहे. वीस पावलांवर दृश्य बदलतं हे पंधरा वर्षांत मला जाणवलं नव्हतं. काल जाणवलं.

ऋतू मात्र आपले आहेत. इथे हिरवळ फेब्रुवारीत जळत नाही, ती आत्ता, आषाढात सगळ्यात देखणी असते. पाटाचा आवाजही पावसात वाढतो. आपल्याकडे या बागेचा सगळ्यात चांगला महिना हाच. छत्री घेऊन या म्हणावं लोकांना.

---

नदीकाठ | १० जुलै

@सकाळचा_फेरा काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती परत गेली की पहिल्या सकाळी तिथे येणार आहे.

गेल्या रविवारी कमळं बघायला बाग पहाटे चार वाजता उघडली होती. आईने साडेतीनला मला उठवलं, मी तिला नाही. तळ्यात पांढरं मोठं कमळ असतं, 'इत्तेनशिकाई' नावाचं. चारला अंधार होता आणि शे-दीडशे माणसं काठाला, पण कुजबुजीपलीकडे आवाज नाही. पानं आईच्या खांद्याच्या वर पोचत होती. उजाडत गेलं तशी एकेक कळी टोकाशी सैल झाली. एका पानावर दवाचा मोठा थेंब होता, वाऱ्याने पान कललं की तो गोल फिरून परत मध्यात यायचा. आई त्या थेंबाकडेच बघत होती.

ऑगस्टबद्दल फार लिहिणार नाही. उकाडा असह्य असतो, सावली कमी. यायचंच असेल तर रात्रीच्या रोषणाईच्या दिवसांत या.

---

क्योतोवासी | २४ नोव्हेंबर

परवा परत ओकायामाला गेलो. या धाग्यामुळेच गेलो. या वेळी दिवसभर थांबलो. मैत्रीण सोबत होती, ती वास्तुरचनाकार आहे. परत बांधलेल्या एन्योतेईच्या समोरून तिने मला पाय न हलवता दहा मिनिटं उभं केलं. ढगाची सावली टेकडीवरून उतरून हिरवळीवरून तळ्यावर गेली आणि पलीकडच्या डोंगरावर चढली. एवढी मोकळी जागा नसती तर ही सावली दिसली नसती. माझं फेब्रुवारीतलं मत मी मागे घेतो. शेवाळाच्या बागा तरीही माझ्या जास्त जवळच्या आहेत, ते राहू द्या.

---

नदीकाठ | २५ नोव्हेंबर

@क्योतोवासी, तुम्ही परत गेलात याचाच मला फार आनंद झाला. ढगाची सावली मी अजून बघितलेली नाही!

मीही काल होते तिथे. चिशिओ-नो-मोरीत, म्हणजे मेपलच्या राईत. शंभरेक झाडं आहेत. 'चिशिओ' म्हणजे कापड पुन्हा पुन्हा रंगात बुडवणं, हजार वेळा. नाव किती बरोबर आहे ते तीन आठवडे सलग गेलं की कळतं. पहिल्या आठवड्यात टोकाची पानं नारिंगी. दुसऱ्यात तीच पानं लाल, आतली नारिंगी. काल सगळ्यात जुनी पानं इतकी गडद होती की सावलीत काळी वाटत होती. एक पान उचलून उन्हाकडे धरलं तर शिरा पिवळ्या राहिल्या होत्या, रंग तिथवर पोचला नव्हता.

पाईनच्या बुंध्यांना गवताच्या चटया बांधल्यात. त्यांना 'कोमो' म्हणतात. किडी थंडीसाठी उबेला त्यात शिरतात असा त्यामागचा विचार. थंडी सरता सरता चटया सोडून जाळतात. सुंभाची गाठ सगळ्या झाडांवर एकाच उंचीवर, एकाच बाजूला. मी चाळीस झाडं मोजत गेले, एकही चुकीची नव्हती.

---

चिऊताई | २६ नोव्हेंबर

गाठी मोजत जाणारी तूच. 🙏 हिवाळ्यात काय असतं ग तिथे? मला डिसेंबर-जानेवारीतच सुट्टी मिळते.

---

नदीकाठ | ३ जानेवारी

@चिऊताई, उत्तर द्यायला मुद्दाम थांबले होते. १ जानेवारीला करकोचे सोडतात.

तांचो, डोक्यावर लाल ठिपका असलेले पांढरे करकोचे. सरदारांच्या काळापासून बागेत पाळलेले असायचे. महायुद्धानंतर एकही उरला नाही. तेव्हा गुओ मोरुओ नावाचे चिनी लेखक आणि पुढारी, जे तरुणपणी ओकायामाला शिकले होते, ते १९५५ मध्ये इथे आले. बाग बघितली, करकोचे दिसले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी चीनमधून दोन पाठवले. युद्ध संपून तेव्हा अकराच वर्षं झाली होती आणि दोन्ही देशांत राजनैतिक संबंधही नव्हते. मला ही गोष्ट दरवेळी हलवून जाते.

परवा कडाक्याची थंडी होती. वाळलेलं पिवळं मैदान, आणि त्यावर करकोचे सोडले. आधी ते माणसांसारखे चालले, पाय उचलून, जपून. मग एकाने पंख उघडले. पंखांची मागची पिसं काळी असतात, मिटलेले असताना ती शेपूटच वाटते. उडताना कळतं की शेपूट पांढरी आहे. तो माणसांच्या डोक्यावरून इतका खालून गेला की पंखांचा आवाज ऐकू आला, ओलं धोतर झटकल्यासारखा. माझ्या पुढच्या लहान मुलाने दोन्ही हातांनी टोपी धरून ठेवली.

तर जानेवारीत ये. फुलं काही नसतील. फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबलीस तर प्लमची शंभर झाडं फुलायला लागतात. गारठ्यात त्यांचा वास झाडापाशी जाण्याआधीच येतो.

---

चिऊताई | ३ जानेवारी

तिकीट बघतेय. पुढच्या वर्षी नक्की.

---

सकाळचा_फेरा | २० जानेवारी

तुमच्या मातोश्री रोज भेटतात. पाटाच्या कडेला ठरलेल्या जागी बसतात. आता आम्ही सातआठ जण त्यांच्याभोवती असतो. काल त्यांनी आम्हाला आवणीचं गाणं म्हणून दाखवलं, दोन कडवी. तिसरं आठवत नाही म्हणाल्या.

---

नदीकाठ | २१ जानेवारी

मला तिने अजून एकही म्हणून दाखवलेलं नाही. आज रात्री फोन करते.

---

नदीकाठ | ५ फेब्रुवारी

उद्या हवा कोरडी आहे. सकाळी गवत जाळणार आहेत. रजा टाकलीय. माळीकाका आता कामावर येत नाहीत, पण मागच्या वर्षी या दिवशी बघायला आले होते. उद्याही येतील असं वाटतंय. आईने तिसरं कडवं आठवून लिहून पाठवलंय, त्यांना ऐकवणार आहे.

---

मावळी | ५ फेब्रुवारी

वाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहा ताई. धूळ चिमटीत धरून आधी सोडून बघा.